तबक पुढे गेलं

आई मनुकांचे देठ काढत होती. पुढ्यात परात, परातीत काळ्या मनुका, शेजारच्या वाटीत देठांचा ढीग. शनिवारची सकाळ होती आणि माझ्या हातात एक कागद होता.

"वाचू का?"

"वाच की. कान रिकामेच आहेत."

मी घसा साफ केला. "'मी, तबिथा दाविद सरोदे, भातोळीच्या मंडळीची सभासद, कबूल करते की माझ्या मुलीच्या लग्नप्रसंगी माझ्याकडून ख्रिस्ती आचरणास न शोभणारं वर्तन घडलं. त्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे. मंडळीनं मला क्षमा करावी.' बस. एवढंच."

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"मकासरे सरांनी नाही?"

"त्यांनी फक्त नजर टाकली."

"छान लिहिलंयस. शाळेतही तुझे निबंध छानच असायचे." तिनं एक मनुका उजेडात धरून बघितली आणि परातीत टाकली. "पण नथा, मधलं वाक्य मला म्हणता येणार नाही."

"कोणतं?"

"पश्चात्तापाचं. तो झालेला नाही."

"आई, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"कुठं उभं राहून म्हणायचं?"

"मेजासमोर."

"म्हणजे प्रभूच्या मेजासमोर उभं राहून, न झालेलं झालं म्हणून सांगायचं. आणि मग त्याच मेजावरचं खायचं." ती हसली. "मला पचायचं नाही रे."

दोन महिने आईला प्रभुभोजन बंद होतं. आणि ते दोन्ही महिने प्रभुभोजनाचा रस तीच करत होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये काचेच्या इवल्या पेल्यांतून जो द्राक्षरस फिरतो, तो वीस वर्षं आमच्या चुलीवर होत आला होता. मनुका धुवायच्या, भिजत घालायच्या, मंद आचेवर उकळायच्या, कुस्करून धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या. मध्ये एकदा दुसऱ्या एका बाईंनी केला होता. तो इतका आंबला की उपासनेनंतर दोन म्हातारे पायरीवर बसून गात राहिले. तेव्हापासून कुणी तो प्रयोग केला नाही. आईवर शिस्त लागल्यावरही मनुकांची पिशवी आमच्याच दारात आली. ठरावात रसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"हात चालतात माझे त्यांना," आई म्हणायची. "तोंड तेवढं चालत नाही."

ठराव मीच लिहिला होता. म्हणून सांगतो.

*

*इतिवृत्त, पंच कमिटी, ठराव ४. श्रीमती तबिथाबाई सरोदे यांनी कन्या सुवार्ता हिच्या मिश्रविवाहात उपस्थित राहून, कुंकू लावून घेऊन व ओटी स्वीकारून मंडळीच्या साक्षीस बाधा आणल्याने, त्यांना जाहीर पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात यावे. तीन प्रभुभोजनांपर्यंत पश्चात्ताप न केल्यास सभासद वहीतून नाव कमी करण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर. सही, नथनेल दा. सरोदे, चिटणीस.*

सर्वानुमते. त्या सर्वांत मीही होतो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. मंडळीतला सगळ्यात तरुण पंच आणि वर चिटणीस. माझी प्रार्थना लोकांना आवडायची. "हे स्वर्गीय दयाळू पित्या" म्हणून मी सुरू केलं की बायका डोळे पुसायच्या. मंडळीची वही माझ्या घरी असायची, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. विश्वास म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी बहुधा ती वही दाखवली असती.

आता लग्नाचं. (हे इतिवृत्तात नाही.)

सुवार्तानं शेजारच्या गावच्या प्रवीण कुटेशी लग्न केलं. मी गेलो नाही. आई गेली. विहीणबाईंनी, म्हणजे कुटेबाईंनी, बायकांना हळदीकुंकू लावायला सुरुवात केली तशी आई मागे सरकली. ख्रिस्ती म्हणून नव्हे, विधवा म्हणून. आपल्यामुळे त्यांच्या कार्यात अडचण नको. कुटेबाईंच्या जावा आपसात बघायला लागल्या. एक म्हणालीही, "त्यांना नको गं, त्यांचे मालक नाहीत." तेव्हा कुटेबाई सगळ्यांना ओलांडून आईपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेची आई आहे ती. तिला नाही तर कुणाला?" आणि तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं, ओटीही भरली.

"तिनं तिच्या घरातला नियम सगळ्यांदेखत मोडला, नथा," आईनं मला सांगितलं होतं. "आणि मी काय पदरानं पुसून टाकायचं होतं?"

मी म्हणालो होतो, "नुसतं नको म्हणायचं."

कुणीतरी फोटो काढला होता. तो फोटो कमिटीच्या टेबलावर आला.

*

तर शनिवार. उद्याचं प्रभुभोजन तिसरं होतं.

"उद्या म्हणाली नाहीस तर नाव जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. माझं नाव मला पाठ आहे."

"चेष्टा करू नकोस. नाव गेलं की कबरस्तानातली जागा जाते. बाबांच्या शेजारची."

तिचा हात थांबला. ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आमच्या मिशनच्या कबरस्तानात सभासदालाच जागा मिळते, आणि बाबांच्या डाव्या बाजूला सहा फूट जमीन आईनं स्वतः विटांची कड लावून राखली होती. दर ईस्टरला ती दोन्हींतलं गवत काढायची. बाबांचंही आणि स्वतःचंही.

तिनं हातातली मनुका परातीत ठेवली. मग म्हणाली, "हे तू बोलतोयस की चिटणीस बोलतोय?"

"मी बोलतोय."

"मग मुलाला सांगते. मला ती जागा पाहिजे. मेजावरचा घासही पाहिजे. दोन महिने मागच्या बाकावर बसून मी पेल्यांचा आवाज ऐकते, तर तोंडाला पाणी सुटतं लहान पोरासारखं. पण खोटं बोलून नको." तिनं परात उचलली. "उद्या मी येईन. कागद घरीच ठेव."

*

रविवार.

इथून मी जपून सांगतो.

उपासना नेहमीसारखी झाली. आल्हाटसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाळकांनी, शास्त्रपाठ वाचला. भाकरीचे तुकडे फिरले. आई शेवटून दुसऱ्या बाकावर, बायकांच्या बाजूला, कडेला बसली होती. तिनं सगळ्यांत चांगलं पांढरं लुगडं नेसलं होतं. भाकरीचं ताट माझ्याकडे नव्हतं, एका म्हाताऱ्या पंचांकडे होतं. ते आईपाशी आले आणि छताकडे बघत पुढे गेले.

रसाचं तबक माझ्याकडे होतं.

मी एकेका बाकापाशी थांबत मागे गेलो. शेवटून दुसरा बाक आला. तबक थांबलं. तबक पुढे गेलं. शेवटचा बाक झाला, मी परत फिरलो, तबक मेजावर ठेवलं. मग पंचांना देण्यात आलं. मीही प्यालो. गोड होता. नेहमीसारखाच उत्तम झाला होता.

पश्चात्तापासाठी कुणी उभं राहिलं नाही.

*

दुपारी मकासरे सर आणि आल्हाटसाहेब आमच्या घरी आले. मकासरे सर पंच कमिटीचे अध्यक्ष. निवृत्त हेडमास्तर, अजूनही छत्रीनं दिशा दाखवणारे. आईनं चहा ठेवला. सर खुर्चीत टेकले.

"नथनेल, थेट विचारतो. मनाला लावून घेऊ नका. आज तबक बाईंसमोर थांबलं."

मी भिंतीला टेकलो.

"चार जणांनी पाहिलं. मीही पाहिलं. लोक विचारतायत, चिटणिसानं आईला गुपचूप दिलं की काय? दिलं असेल तर गोष्ट गंभीर आहे. तुमचं पद राहणार नाही, हे सांगायला नको."

"सर, आधी चहा घेऊ," आल्हाटसाहेब म्हणाले.

"चहा होईल. उत्तर होऊ दे."

आई कपबशा घेऊन आली. तिनं त्या दोघांसमोर ठेवल्या, पदराला हात पुसले आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "त्यानं काही दिलं नाही. मी काही मागितलं नाही."

"मग थांबलं का?"

"माझा पाय वाटेत होता. म्हातारीचा पाय, आखडतो वेळेवर." जरा थांबून ती म्हणाली, "आणि सर, मला ते नकोच आहे आता. दिलं असतं तरी घेतलं नसतं."

"नकोच आहे?"

"नको."

"विचार करून बोला. हे इतिवृत्तात जाईल. शिस्तीखालच्या माणसाला दार उघडं असतं. पण जो स्वतःच नाकारतो..."

"लिहा की."

मकासरे सरांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याले. चिटणिसाचा प्रश्न मिटला होता. आल्हाटसाहेब आईकडे बघत होते, पण आई चुलीकडे वळली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटतं मी मानही हलवली. हो, अशा अर्थानं.

पाच मिनिटांत ते गेले.

*

नाही.

तबक थांबलं आणि तबक पुढे गेलं, या दोन वाक्यांमध्ये मी काहीतरी गाळलं आहे. बायकोलाही मी ते गाळूनच सांगत आलो. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली.

तर पुन्हा. रविवार. शेवटून दुसरा बाक.

आईचा पाय वाटेत नव्हता. मी आपणहून थांबलो. का थांबलो ते मला माहीत नाही. तिच्या लुगड्याला मनुका उकळल्याचा वास होता, तेवढं आठवतं. आणि आईनं हात पुढे केला.

पेला उचलायला करतात तसा नाही. तळवा वर करून. मी लहान असताना तापात ओकायला लागलो की कपाळाखाली धरायची तसा. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ना हट्ट होता ना राग. तिला तहान लागली होती, इतकंच. हात तबकापासून वीतभर लांब थांबला, कारण उरलेली वीत माझी होती.

मी वर बघितलं. समोर, मेजाच्या बाजूला, मकासरे सर मान उंच करून माझ्याकडे बघत होते.

मी तबक पुढे नेलं.

हात तसाच होता. मी शेवटच्या बाकावरून परत फिरलो तेव्हासुद्धा पूर्ण खाली गेला नव्हता. मांडीपासून चार बोटं वर होता.

*

ते दोघे गेल्यावर मी तसाच भिंतीला उभा होतो. आई कपबशा विसळत होती. मेजासमोर एक वाक्य खोटं बोलावं लागेल म्हणून जिनं तीन प्रभुभोजनं उपाशी राहणं पत्करलं, ती बाई आत्ता माझ्यासाठी एका दमात तीन वाक्यं खोटं बोलली होती. आणि त्याची किंमत बाबांच्या डाव्या बाजूची जागा होती. तिला ते नीट कळत होतं. तिच्या पाठीवरून मला दिसत होतं की कळत होतं.

मी अनवाणीच बाहेर पळालो.

ते शाळेच्या फाटकापर्यंत पोचले होते. ऊन होतं, सरांनी छत्री उघडली होती.

"सर! साहेब! थांबा."

"काय झालं?"

"आई खोटं बोलली. तिनं हात पुढे केला होता. मी बघितला. बघून पुढे गेलो."

सरांनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "म्हणजे दिलं नाही ना?"

"नाही."

"मग?"

"सर, तिनं हात पुढे केला होता."

"ऐकलं मी. आणि तुम्ही दिलं नाहीत." त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शाळेत पहिला नंबर आल्यावर ठेवायचे तसा. "नथनेल, बरोबर केलंत तुम्ही. समोर प्रत्यक्ष आई, आणि तरी नियम सोडला नाही! तरुण संघात सांगण्यासारखी गोष्ट आहे."

"मला माफी मागायचीय," मी म्हणालो.

"कशाची?"

"मी पुढे गेलो त्याची."

"अहो, पण ते तर बरोबर होतं! त्याची माफी कशी मागणार? कमिटीपुढे ठेवायचं म्हटलं तरी कोणत्या कलमाखाली?" त्यांना खरोखरच अडचण पडली होती. चेष्टा नव्हती. ते वाईट माणूस नव्हते. "हां, बाई खोटं बोलल्या असं म्हणताय, तर ते मात्र घेता येईल. खोटं बोलणं म्हणजे आणखी एक दोष."

"ते घेऊ नका."

"तुम्हीच सांगितलंत."

मी आल्हाटसाहेबांकडे वळलो. "साहेब, तुम्ही तरी."

ते रस्त्यावरच्या खडीकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "मी उपासना संपताना आशीर्वाद देतो ना, तेव्हा सगळ्यांकडे बघतो. आज त्या बाकाकडे बघितलं नाही." एवढंच. मग सरांनी छत्रीनं रस्ता दाखवला आणि ते त्यांच्याबरोबर चालू लागले. दहा पावलांवरून सर वळून म्हणाले, "इतिवृत्त उद्या लिहून ठेवा. बाईंनी स्वेच्छेने नाकारले, एवढीच ओळ. वाढवू नका."

मी तिथं उन्हात उभा राहिलो. पाय भाजत होते. लहानपणापासून मला शिकवलं होतं की पाप केलं तर कुठं जायचं. कोणत्या दारातून, कुणापुढे, कोणते शब्द म्हणत. ते शब्द मी स्वतः दुसऱ्यांना लिहून दिले होते. आज पहिल्यांदा मी पाप घेऊन धावत गेलो होतो, आणि त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि शाबासकी देऊन परत केलं.

*

*इतिवृत्त, पंच कमिटी, ठराव ९.*

ते अक्षर माझं नाही. मी ती ओळ लिहिली नाही. सोमवारी वही आणि किल्ली पाळकांच्या बंगल्यात ठेवून आलो. पाच महिन्यांनी माझंही नाव गेलं, गैरहजेरीच्या कारणानं. आई पुढे नऊ वर्षं जगली. ती कुटेंच्या मळ्यात, आंब्याखाली पुरलेली आहे. कुटेबाईंनी जागा दिली. त्यांच्या भावकीत त्यावरून चार महिने भांडण चाललं, पण त्यांनी दिली. बाबा एकटे आहेत. मी दोन्हीकडचं गवत काढतो.

लोक विचारतात, तुम्ही कोणत्या चर्चचे? मी म्हणतो, भातोळीचा. ते खोटं नाही, खरंही नाही.

*

पण त्या दुपारी मी घरी परतलो तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. आई ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होती.

"काय म्हणाले?"

"बरोबर केलंस म्हणाले."

ती हसली, आणि मग हसू तसंच अर्धवट राहिलं.

मी तिच्या समोर खाली बसलो. "आई, मी तुझा हात बघितला होता."

"माहितीये. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते."

"मग त्यांना का नाही सांगितलंस? स्वतःसाठी एक वाक्य खोटं बोलवेना तुला."

"बोलून गेले." तिनं पिवळी पानं बाजूला टाकली. "आई आहे मी. तोंडातून निघून गेलं. मग चुलीपाशी त्याला सांगितलं, हे असं असं झालंय, आता तू बघ."

"काय म्हणाला?"

"अजून काही म्हणाला नाही."

तिच्या आवाजात भीती होती. मी आईला प्रार्थनेच्या बाबतीत कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. आम्ही घाबरण्यासारखं कधी काही मागितलंच नव्हतं.

"तूही सांग तुझं," ती म्हणाली.

"इथं?"

"मग कुठं? तिकडून तर परत पाठवलं तुला."

मी डोळे मिटले. "हे स्वर्गीय दयाळू पित्या," मी सुरू केलं, आणि माझाच तो गोड, भरलेला आवाज मला ऐकू आला, बायकांना रडवणारा. मी थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा आवाजच फुटेना. बाहेर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. एका दाताची टकटक, मग शिवी, मग पुन्हा टकटक.

"आईनं हात पुढे केला होता," शेवटी मी म्हणालो. "मी बघितला."

पुढे काही आलं नाही. क्षमा कर, हेही आलं नाही. ते म्हणायचा मला अधिकार आहे की नाही, हे कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

मी डोळे उघडले. आईनं आमेन म्हटलं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी मांडीवर तशीच होती, आणि ती मान जराशी कलती करून बसली होती, दारावर कुणी येतंय का ऐकताना बसतात तशी. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती बोलली नाही. मग मीही तसाच बसून राहिलो.